'लायब्ररी लावलीय', पण पुस्तक कुठंय?

परवा संध्याकाळी शेजारची नववीतली मुलगी घरी आली. "काका, 'बनगरवाडी' आहे का तुमच्याकडं? मॅडमनी वाचायला सांगितलीय." माझी प्रत कुणीतरी नेलेली, ती परत आलीच नाही. म्हणून म्हटलं, "लायब्ररीत बघ की." तर म्हणाली, "दादानं लायब्ररी लावलीय, पण तिथं पुस्तकं नसतात."

आधी मला हसू आलं, नंतर जरा लागलं. सांगली-साताऱ्यात हल्ली मेस लावतात, क्लास लावतात, तशी 'लायब्ररी लावतात'. लायब्ररी म्हणजे अभ्यासिका. पत्र्याचे किंवा प्लायवूडचे कप्पे, एक खुर्ची, चार्जिंगचा पॉइंट, वायफाय. महिन्याला पैसे भरायचे, पुस्तकं आपली आपण आणायची. स्पर्धा परीक्षेच्या पोरांची ती खरी गरज आहे, त्यामुळं अभ्यासिका चालवणाऱ्यांबद्दल माझी तक्रार नाही. पण एका अख्ख्या पिढीसाठी 'लायब्ररी' या शब्दातून पुस्तकच गळून पडलंय आणि आपल्याला त्याचा पत्ताही नाही.

आम्ही राहतो विश्रामबागच्या पलीकडं, शंभरफुटी रस्त्याच्या बाजूला. इथून गावातलं नगर वाचनालय चार-पाच किलोमीटर. नववीतल्या मुलीनं संध्याकाळी शाळा-क्लास करून तिथं एकटीनं जायचं आणि यायचं, हे कुठल्या घरात जमणार? मग प्रश्न पडला की आपल्या उपनगरात सगळं आलं. हॉस्पिटलं आली, बँका आल्या, मॉल आले, चार-चार क्लासेस आले. वाचनालयच का नाही आलं? याचं उत्तर शोधत गेलो तर ते थेट दीडशे वर्षं मागं गेलं. पोस्ट मोठी आहे, पण वाचा.

वाचनालयं कुठं आहेत ते बघा

माझं शाळेचं शिक्षण साताऱ्यात झालं, नोकरीनं सांगलीत आणलं. दोन्ही शहरांची वाचनालयं मी वापरली आहेत. साताऱ्याचं नगरवाचनालय थोरल्या प्रतापसिंह महाराजांच्या नावाचं. इंग्रजांनी १८३९ साली ज्यांना गादीवरून काढून काशीला पाठवलं, तेच हे छत्रपती. शहराला पाणी, रस्ते आणि शाळा देणारा राजा म्हणून सातारकर आजही त्यांचं नाव घेतात. सांगलीचं नगर वाचनालय राजवाडा परिसरात, शंभरी केव्हाच ओलांडलेलं. मिरजेत खरे वाचन मंदिर आहे. वासुदेवशास्त्री खरे मिरजेच्या शाळेत मास्तर होते. पटवर्धन दप्तरातली कागदपत्रं वाचून त्यांनी 'ऐतिहासिक लेखसंग्रहा'चे खंडामागून खंड काढले आणि १९२४ साली ते गेले. एका मास्तराच्या नावानं गावात वाचनालय उभं राहावं, ही मिरजेची श्रीमंती.

आता ही ठिकाणं नकाशावर बघा. एकही उपनगरात नाही. राजवाडा, जुन्या पेठा, बाजार, नदीकाठ. म्हणजे ज्या काळात ती सुरू झाली त्या काळचं गाव जिथं होतं, तिथंच ती आहेत. आणि हे साहजिकच आहे. त्या काळी वाचनालय काढणारे लोक म्हणजे वकील, मास्तर, कारकून, थोडे सरदार आणि व्यापारी. वर्गणी त्यांची, जागा त्यांच्या ओळखीतली, वाचकही तेच. लिहिता-वाचता येणारी वस्तीच तेवढी होती. त्यांनी आपल्या काळापुरतं काम चोख केलं. पुढचं काम पुढच्यांनी करायचं होतं.

प्रतिसरकारच्या यादीत वाचनालय होतं

हा भाग मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, आणि आपल्याच भागातला असून आपण तो विसरलोय.

१९४२ नंतर साताऱ्यात प्रतिसरकार उभं राहिलं. तेव्हाचा सातारा जिल्हा म्हणजे आजचा सातारा आणि आजच्या सांगलीचा मोठा भाग. क्रांतिसिंह नाना पाटील, जी. डी. बापू लाड, नागनाथअण्णा नायकवडी ही नावं आपल्या तोंडपाठ आहेत. तुफान सेना, शेणोलीची रेल्वे, सावकारांना आणि गुंडांना बसलेला धाक, हेही आपण भाषणात ऐकतो. पण प्रतिसरकारनं गावात आणखी काय केलं? न्यायदान मंडळं काढली. दारूबंदी केली. मानपान आणि उधळपट्टी नसलेले गांधी विवाह लावले, त्यांच्या पंगतीला दलितांना बोलावलं. आणि गावोगावी वाचनालयं काढली.

विचार करा. डोक्यावर वॉरंट, रात्री या गावात तर पहाटे त्या शिवारात. कधी पोलिस येतील सांगता येत नाही. अशा माणसांनी 'गावाला काय लागतं' याची यादी केली, त्यात कोर्ट होतं आणि वाचनालयही होतं. ही माणसं बहुतेक शेतकऱ्यांच्या घरातली. साताऱ्यात आधी सत्यशोधक चळवळ मुरलेली, कर्मवीर भाऊरावांनी १९१९ साली कराडजवळच्या काले गावात रयत शिक्षण संस्था सुरू केलेली. शिकलं नाही तर सावकाराचा कागद वाचता येत नाही, हे इथल्या कुणब्याला पुस्तकातून कळलेलं नव्हतं, अंगावर आलेलं होतं. त्यामुळं वाचनालय म्हणजे पेठेतल्या शिकलेल्या लोकांची हौस, ही समजूत इथंच मोडीत निघाली. राजवाड्याजवळचं वाचनालय शेताच्या बांधापर्यंत आलं ते या लोकांमुळं.

शेजारीच औंध संस्थान. तिथल्या राजानं १९३९ साली आपण होऊन कारभार लोकांच्या हाती दिला आणि प्रतिसरकारच्या माणसांना आसराही दिला. त्याच संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी. नांगर तयार करणाऱ्या कारखान्याच्या वसाहतीतून 'किर्लोस्कर', 'स्त्री' आणि 'मनोहर' ही मासिकं निघत होती. तर असा हा मुलूख, वाचनाचं कौतुक त्याला नवं नाही.

मग कायदे आले

१९४९ साली सातारा जिल्ह्याचे दोन भाग झाले. दक्षिण सातारा हा नवा जिल्हा तयार झाला, त्यालाच १९६० साली सांगली हे नाव मिळालं. योगायोग बघा, त्याच १९४९ साली मुंबई प्रांतिक महानगरपालिका अधिनियम आला. आज सांगली-मिरज-कुपवाड महापालिका ज्या कायद्यानं चालते तो हाच.

या कायद्यात महापालिकेच्या कामांच्या दोन याद्या आहेत. एक बंधनकारक. त्यात गटारं, कचरा, पाणी, दिवाबत्ती, स्मशानभूमी, प्राथमिक शिक्षण. दुसरी ऐच्छिक. म्हणजे केलं तर ठीक, नाही केलं तर कुणी विचारणार नाही. वाचनालय या दुसऱ्या यादीत आहे. साताऱ्याला नगरपालिका आहे, तिचा कायदा वेगळा, पण वाचनालयाच्या बाबतीत गोष्ट तीच.

प्रतिसरकारच्या हातात ना खजिना ना नोकरशाही, तरी त्यांनी वाचनालय कामांच्या यादीत घेतलं. स्वतंत्र भारतातल्या महापालिकेला ते ऐच्छिक वाटतं. माझ्या मते उपनगरात वाचनालय का नाही, याचं निम्मं उत्तर इथं आहे.

उरलेलं निम्मं ग्रंथालय कायद्यात आहे. मुंबई सरकारनं १९३९ साली फैजी समिती नेमली होती. मध्यवर्ती ग्रंथालयापासून जिल्हा, तालुका, खेडं अशी खालपर्यंत पोचणारी ग्रंथालयांची साखळी उभी करावी, असा तिचा आराखडा. पुढं तो थोडाफार अमलात आला, वरची मजलं झाली, खालची राहिली. मग १९६७ साली महाराष्ट्र सार्वजनिक ग्रंथालय कायदा आला. त्याचा गाभा असा की लोकांनी संस्था काढून वाचनालय चालवायचं, सरकारनं मान्यता देऊन अनुदान द्यायचं. अ, ब, क, ड असे वर्ग. ज्याची पुस्तकं, सभासद, जागा जास्त, त्याला वरचा वर्ग आणि जास्त पैसे.

हा कायदा वाईट नव्हता. त्याच्या आधारानं राज्यात अकरा-बारा हजार वाचनालयं उभी राहिली. पण त्यात एक मेख आहे. वाचनालय कुठं हवं हे सरकार ठरवत नाही. जिथं कुणीतरी आधी काढलंय, तिथं पैसे जातात. जिथं कुणी काढलं नाही तिथं काही जात नाही. म्हणजे वाचनालय आहे त्याला आणखी, आणि नाही त्याला नाहीच.

दुसरी वाट होती का? होती. म्हैसाळ ओलांडून कागवाडला गेलं की कर्नाटक लागतं. तिथं १९६५ च्या कायद्यानं मालमत्ता करावर ग्रंथालय उपकर बसतो, आता तो सहा टक्के आहे. त्या पैशातून सरकारी खातं शहर ग्रंथालय आणि त्याच्या शाखा चालवतं. तिथं सगळं छान आहे असं नाही. तिथल्या महापालिका जमा केलेला उपकर वेळेवर पुढं देत नाहीत, अशी ओरड कायम असते. पण 'वाचनालयाचा पैसा कुठून येणार' याचं उत्तर तिथं कायद्यात लिहिलेलं आहे. आपल्या कायद्यात तो करच नाही.

त्याच्याही आधीचं उदाहरण मराठी माणसाचंच आहे. बडोद्याच्या सयाजीराव महाराजांनी १९१० साली अमेरिकेतून बॉर्डन नावाचे ग्रंथपाल बोलावले. खेड्यातल्या वाचनालयासाठी खर्चाचे तीन वाटे केले. एक लोकांनी द्यायचा, एक स्थानिक संस्थेनं, एक सरकारनं. लोकांचा सहभाग राहतो आणि जबाबदारी तिघांवर पडते. आपण त्यातला स्थानिक संस्थेचा वाटाच काढून टाकला.

शहर सरकलं, वाचनालय तिथंच

आता सांगलीचं बघा. पश्चिमेला कृष्णा, त्यामुळं शहराला वाढायचं तर पूर्वेकडंच वाव. १९१९ साली विलिंग्डन कॉलेज सुरू झालं ते सांगली-मिरजेच्या मधल्या मोकळ्या माळावर. मग इंजिनिअरिंग कॉलेज आलं, कॉलन्या आल्या, कुपवाडला एमआयडीसी आली. १९९८ साली सांगली, मिरज आणि कुपवाड मिळून महापालिका झाली, तेव्हा मधला माळ हा शहराचा मध्य झाला होता. साताऱ्यातही तेच. शाहूपुरी, विलासपूर, गोडोलीकडं वस्ती केव्हाच वाढली होती. हद्दवाढ मात्र २०२० साली झाली. घरपट्टी आली, घंटागाडी आली. वाचनालय कुणी मागितलं नाही, कुणी दिलं नाही.

बरं, लोकांनी स्वतः काढायचं म्हटलं तर? २०१२ साली सरकारनं राज्यभर वाचनालयांची तपासणी केली. फक्त कागदावर असलेली, पाटी आहे पण कुलूप लावलेली अशी अनेक सापडली. तपासणी हवीच होती. पण त्यानंतर बरीच वर्षं नवी मान्यताच बंद, दर्जावाढही बंद. चोरांना शिक्षा व्हायला हवी होती, ती झाली नव्या वस्त्यांना. कारण जुन्या पेठेत वाचनालय आधीपासून होतं, उपनगर मात्र याच वर्षांत वाढत होतं.

आणि मान्यता मिळाली तरी काय मिळतं? ड वर्गाच्या वाचनालयाला वर्षाला ३० हजार मिळायचे. २०२२ मध्ये ६० टक्के वाढ जाहीर झाली, ते ४८ हजार झाले. नियमाप्रमाणं निम्मे पगाराला. म्हणजे २४ हजार वर्षाला, २ हजार महिन्याला. दोन हजारात कोण रोज संध्याकाळी वाचनालय उघडणार? जे उघडतात त्यांना मी हात जोडतो.

हे मी ऐकीव सांगत नाही. आमच्या कॉलनीत आम्ही सात-आठ जणांनी एका देवळाच्या हॉलमध्ये दोन कपाटं ठेवून वाचनालय चालवलं होतं. घरोघरी फिरून पुस्तकं जमवली. पहिले चार महिने पोरांची झुंबड. ती लहान मुलं, गोष्टीची पुस्तकं चाळत फरशीवर पसरलेली, अजून डोळ्यांसमोर आहेत. मग बसायला पाळ्या लावल्या. एकाची बदली झाली, एकाच्या घरी आजारपण, मला ऑफिसातून यायला आठ वाजायचे. आधी रोज, मग आठवड्यातून दोनदा, मग चावी कुणाकडं आहे तेच कळेना. दीड वर्षात बंद. दोष कुणाला देऊ? आमचाच होता. पण एक गोष्ट शिकलो. पुस्तकं जमवणं सोपं असतं, वाचकही येतात. ठरलेल्या वेळी दार उघडणारा माणूस लागतो, आणि त्याला पगार लागतो. ते हौसेवर चालत नाही.

२०१९ चा पूर

आणखी एक गोष्ट सांगायलाच हवी. ऑगस्ट २०१९. आयर्विन पुलाजवळ कृष्णा ५७ फुटांच्या वर गेली, धोक्याची पातळी ४५ फूट. २००५ चा पूरही त्यापुढं कमी वाटला. गावभाग, राजवाडा परिसर, बाजारपेठ सगळं पाण्यात. नगर वाचनालयातही पाणी शिरलं आणि हजारो पुस्तकं गेली. पूर ओसरल्यावर मी गावभागात मदतीला गेलो होतो. भिजलेलं पुस्तक फुगून विटेसारखं होतं, पानं सुटत नाहीत, आणि त्याचा वास कपड्यांतून जात नाही. एका घरासमोर एक आजोबा ज्ञानेश्वरीचं एकेक पान सोडवून उन्हात ठेवत होते. मी मदतीला बसलो. तासाभरात आमची आठ-दहा पानं झाली असतील.

तेव्हापासून माझ्या डोक्यात हे आहे. उपनगरं वाढली त्यात पुराची भीती हेही एक कारण होतं. २००५ नंतर कितीतरी कुटुंबं गावातून विश्रामबागकडं आली. माणसं उंचावर आली, शहराचा ग्रंथसाठा नदीकाठीच राहिला. गेल्या वीस-तीस वर्षांत उपनगरात दोन-तीन शाखा झाल्या असत्या, तर पुस्तकं वाटली गेली असती आणि त्या पुरात सगळंच्या सगळं एका ठिकाणी सापडलं नसतं. शाखा उपनगराच्या सोयीसाठी हवी, तितकीच मूळ वाचनालयाच्या भल्यासाठीही हवी.

पुस्तकांचं गाव झालं, वस्तीचं काय?

कुणी म्हणेल, सरकार काहीच करत नाही असं नाही. बरोबर आहे. महाबळेश्वर तालुक्यातलं भिलार ४ मे २०१७ ला पुस्तकांचं गाव झालं. घराघरांत, लॉजमध्ये, देवळात पुस्तकं मांडली. सांगली जिल्ह्यात पलूस तालुक्यातलं अंकलखोपही आता त्या योजनेत आहे. त्याच्या शेजारचं औदुंबर, जिथं संक्रांतीला साहित्य संमेलन भरायची जुनी रीत आहे, त्यामुळं निवड योग्यच. मी भिलारला दोनदा जाऊन आलोय, छान वाटतं. पण तिथं आपण सुट्टीत जातो. कुपवाडच्या कामगाराची मुलगी शाळा सुटल्यावर भिलारला जाऊ शकत नाही. तिला घरापासून चालत दहा मिनिटांवर एक खोली हवी. मुंबई मराठी ग्रंथसंग्रहालय १८९८ साली सुरू झालं आणि पुढं उपनगरांतून त्याच्या शाखा निघाल्या, ते याच हिशोबानं.

'आता मोबाईल आलाय, वाचतंय कोण?' हेही ऐकून घेतो. मग रात्री अकरापर्यंत अभ्यासिका भरलेल्या का असतात? पोरांना शांत जागा हवी आहे आणि त्यासाठी ती पैसे मोजताहेत. घरात दोन खोल्या आणि सहा माणसं असणाऱ्या पोराला तेही परवडत नाही. दुपारी आजी-आजोबांना पेपर वाचायला जागा नाही, म्हणून ते बँकेच्या एसीत बसतात. वाचक आहेत, दार नाहीये.

मागणी फार मोठी नाही. नवी इमारत नको. महापालिकेच्या पट कमी झाल्यानं रिकाम्या पडलेल्या वर्गखोल्या आहेत, समाजमंदिरं आहेत, खुल्या जागा आहेत. प्रभागात एक खोली द्यावी. चालवायला जुन्या, अनुभवी वाचनालयाकडं शाखा म्हणून सोपवावी. संध्याकाळी चार ते नऊ उघडणाऱ्या माणसाचा पगार महापालिकेच्या बजेटमध्ये घ्यावा. पुस्तकं आणि सभासद आम्ही लोक आणतो. बडोद्याचे तीन वाटे, इतकंच. यासाठी कायदा बदलायची गरज नाही. ऐच्छिक काम म्हणजे करायला मनाई नाही. साताऱ्यात नगरपालिकेलाही हे करता येईल.

पुढचं बजेट येईल तेव्हा आपापल्या नगरसेवकाला एवढंच विचारा की आपल्या प्रभागात वाचनालयासाठी किती रुपये धरलेत. उत्तर काय येतं ते इथं लिहा. शून्य असलं तरी लिहा, आकडे एकत्र आले की पुढं बोलता येईल. आणि तुमच्या उपनगरात कुणी अजूनही वाचनालय चालवत असेल तर त्याचा पत्ता खाली द्या. मी येऊन सभासद होतो.

'बनगरवाडी' शेवटी मीच दुकानातून विकत आणून दिली. दोन दिवसांत वाचून तिनं परत केली आणि विचारलं, "काका, यांचं अजून काय आहे?" व्यंकटेश माडगूळकर आटपाडी तालुक्यातले, आपल्याच जिल्ह्यातले. त्यांची पुढची दोन पुस्तकं माझ्याकडं आहेत, ती दिली. त्यापुढची नाहीत.